बचावपटू आणि हाइजमन करंडक

प्रश्न : महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधला हाइजमन करंडक बचावफळीतल्या खेळाडूला कधी मिळाला आहे का?

उत्तर : होय. वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला १९३५ पासून मतदानाने दिल्या जाणाऱ्या या करंडकावर एरवी आक्रमक फळीचीच मक्तेदारी असते. मात्र १९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठाचा कॉर्नरबॅक (प्रतिस्पर्ध्यांचे पास अडवणारा बचावपटू) चार्ल्स वुडसन याने क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळून पास फेकणारा खेळाडू) पेटन मॅनिंगला मागे टाकून तो पटकावला. त्या हंगामात ओहायो स्टेटविरुद्ध त्याने पंट (प्रतिस्पर्ध्यांनी लाथेने लांब टोलवलेला चेंडू) झेलून ७८ यार्डांची धाव घेत टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) केला, आणि प्रतिस्पर्ध्यांचा एक पास आपल्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाला गोलरेषेमागे असलेल्या पट्ट्यात) मधल्यामध्ये टिपला. अधूनमधून तो आक्रमणातही उतरत असे. नुसत्या बचावाच्या बळावर मतदार भुलले असते, असे मला वाटत नाही. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो १८ हंगाम खेळला.