वाचकांचे प्रश्न : गावकीतली फारकत, कोर्टातली कबुली

गणपती गेले की या सदराचा गठ्ठा फुगतो. चाकरमानी घरी येतात, पाच-सात दिवस सगळे एका छपराखाली राहतात, आरत्या होतात, मोदक होतात आणि मग वर्षभर दाबून ठेवलेलं एकेक बाहेर पडतं. मालवणच्या कोर्टात मी तीस वर्षं काळा कोट घालते आहे, अजून एकही भाद्रपद सुका गेलेला नाही. यंदाच्या पत्रांतली चार घेते. नावं अर्थातच देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझं लग्न २०१६ साली झालं. नवरा मासेमारी बोटीवर तांडेल आहे. मुलगी आठ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी गावकीची बैठक बसली आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून नोटरी केली. 'दागिने मिळाले, पुढे पोटगी मागणार नाही' असं त्यात आहे. मी सही केली. आता त्याने दुसरं लग्न केलंय. मुलीच्या शाळेसाठी पैसे मागितले तर म्हणतो, 'कागद झालो ना, मगे कसली पोटगी?' मला काही मिळेल का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : ताई, तुम्ही त्या कागदाला जेवढ्या घाबरता तेवढा तो जड नाही. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की अमुक माणसाने समोर बसून सही केली. लग्न मोडण्याचा अधिकार नोटरीलाही नाही आणि गावकीलाही नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लागलेलं लग्न कोर्टाच्या हुकुमानेच सुटतं. एक पळवाट आहे, ती सांगून ठेवते. एखाद्या समाजात फारकतीची जुनी, अखंड चालत आलेली रूढी असेल तर कलम २९ तिला मान देतं. पण ती रूढी जो सांगतो त्याने ती कोर्टात सिद्ध करायची. 'आमच्यात असंच चालतं' एवढं म्हणून भागत नाही. चार बैठकांचे दाखले, माहितगार साक्षीदार, सगळं उभं करावं लागतं. माझ्यासमोर फार थोड्यांना ते जमलं.

म्हणजे बहुधा तुम्ही आजही त्याची बायको आहात आणि त्याचं दुसरं लग्न कायद्याने शून्य आहे. पहिलं लग्न असताना दुसरं करणं हा गुन्हाही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तो कलम ४९४ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम ८२. शिक्षा सात वर्षांपर्यंत. तुमच्या भावाने पत्राच्या कडेला 'त्याला आत टाकायचाच' असं लिहिलंय, ते मी वाचलं. त्याला सांगा, थोडा दम धर. हा गुन्हा अदखलपात्र आहे, फिर्याद तुम्हाला स्वतः कोर्टात करावी लागेल. शिवाय दुसऱ्या लग्नाचे विधी खरोखर झाले हे दाखवावं लागतं. दोघं एका घरात राहतात, जत्रेतला जोडीचा फोटो आहे, एवढ्यावर शिक्षा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात हेच धरलं, आणि तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला. त्यात वर्षं जातील. मुलीची फी जूनला भरायची असते.

म्हणून आधी पोटगी. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. आपल्याकडे तालुक्याला कुटुंब न्यायालय नाही, अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. तो तुम्ही राहता तिथल्या कोर्टात करता येतो, त्याच्या गावी हेलपाटे नकोत. आता त्याचा वकील काय बोलेल ते बघा. 'फारकत खरी' म्हणाला तर तुम्ही घटस्फोटित आणि पुन्हा लग्न न केलेली बाई. तिलाही हे कलम पोटगी देतं. 'फारकत खोटी' म्हणाला तर तुम्ही बायकोच, मग प्रश्नच मिटला. तो तिसरीकडून शिरेल : 'दोघं राजीखुशीने वेगळी राहतात, आणि अशा बायकोला पोटगी नाही.' त्या स्टॅम्पपेपरचा दात आहे तो इथेच. पण नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली तर बायकोने त्याच्याकडे न राहण्याला ते पुरेसं कारण आहे, असं कायद्यातच लिहिलंय. अर्जात दुसऱ्या लग्नाचा उल्लेख पहिल्या पानावर हवा, तो यासाठी. 'पोटगी मागणार नाही' या ओळीने तुमचा हक्क बुडत नाही. आणि मुलीचा हक्क तर मुलीचा. तो तुम्ही सोडूच शकत नव्हता.

खरी लढाई पैशाच्या आकड्यावर होते. तांडेलाला पगाराची चिठ्ठी नसते, मासळीत वाटा असतो. 'यंदा मासळीच नाय' हे वाक्य मी बांगडा पायलीने विकला जात होता त्या वर्षीही कोर्टात ऐकलंय. म्हणून बोटमालकाला साक्षीला बोलवायचा अर्ज द्या, त्याच्या वाट्याच्या वहीचा उतारा मागा. सोसायटीचं पासबुक, गाडीचे हप्ते, दुसऱ्या लग्नाच्या मांडवाचा खर्च, जे हाती लागेल ते जमवा. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यातच आहे. त्यामुळे मागची तीन वर्षं गेली असं समजा. चौथं घालवू नका. हुकूम झाल्यावर पैसे थकले तर वसुलीचा अर्ज देय तारखेपासून वर्षाच्या आत करा. नंतर या वाटेने ती रक्कम मिळत नाही. कितीतरी बायका 'देईल, देईल' म्हणत तेरावा महिना उजाडू देतात.

वकिलाची फी कुठून आणू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा आहे, कलम १२. मालवणच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, जिल्ह्याचं कार्यालय ओरोसला. फोन करायचा तर १५१००. दारिद्र्यरेषेचा दाखला आणा असं कोणी म्हणालं तर या कलमाचं नाव घ्या.

प्रश्न : मुलगा बावीस वर्षांचा, शिपवर जायची तयारी चाललीय. गेल्या वर्षी गणपतीत बांधावरच्या कलमाच्या झाडावरून चुलत भावाशी शब्दाला शब्द वाढला, याने एक थोबाडीत मारली. एनसी झाली. आता भावाने कोर्टात केस केली, समन्स आलंय. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, 'पहिल्याच तारखेला कबूल कर, हजार-दोन हजार दंड, विषय संपला.' तसं करावं का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : नको. तुमच्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, सल्ला वाईट आहे.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, म्हणून भावाने खाजगी फिर्याद केली असणार. साधी दुखापत, म्हणजे न्याय संहितेचं कलम ११५ (२), शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड. जामीनपात्र आहे, आत टाकण्याची भीती बाळगू नका. पण दंड भरून सुटला तो निर्दोष सुटला, हा समज मोडायलाच हवा. कबुली दिली की दोषसिद्धी होते. दंड एक रुपया झाला तरी ती दोषसिद्धीच. पुढे प्रत्येक फॉर्मवर 'आपल्याला कधी शिक्षा झाली आहे का' या रकान्यासमोर त्याचा हात थबकणार. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, वीसेक वर्षांपूर्वी. कुणीतरी असंच मोकळं करून दिलेलं. नोकरीच्या पडताळणीत ते निघालं तेव्हा अपिलाची मुदत केव्हाच उलटून गेली होती. उशीर माफ करा म्हणून अर्ज केला, वरच्या कोर्टात जाऊन आलो, दीड वर्ष गेलं. तोवर त्याच्या बरोबरची पोरं दोन खेपा करून घर बांधायला लागली होती.

तुमच्या हाती त्याहून सरळ रस्ता आहे : तडजोड. साधी दुखापत, शिवीगाळ, साधी धमकी हे गुन्हे ज्याला त्रास झाला तो माणूस स्वतः मिटवू शकतो. सुरक्षा संहितेचं कलम ३५९. तडजोड कोर्टात नोंदवली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा होतो. कबुलीत दोषी, तडजोडीत निर्दोष, आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर, एकाच दुपारी होतात. लोकअदालतीतही मिटवता येईल. तेव्हा चुलतभावाच्या ओटीवर जा. झाड कुणाच्या हद्दीत ते मोजणीवर सोडा, भूमी अभिलेखात पैसे भरा, आणि मुलाला थोबाडीची माफी मागू द्या. ती त्याने मारली होती ना? गावात बसून मिटवलंत तरी तारखेला दोघांनी कोर्टात जायचंच. ओटीवरची तडजोड कोर्टाला दिसत नाही, आणि आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट निघतं.

जाता जाता, तहसीलदारांच्या नोटिशीबद्दलही तुम्ही लिहिलंय. ती चॅप्टर केस, शांतता राखण्याच्या हमीची, सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची. तिथे लिहून दिलेला बंधपत्राचा कागद म्हणजे शिक्षा नव्हे. मुदतीत पुन्हा भांडण केलं नाही तर त्याचा काही त्रास नाही.

प्रश्न : मी ६८, पत्नी ६३. सून मुंबईला माहेरी गेली आणि तिथे आमच्या तिघांवर छळाची तक्रार केली. पोलिसांचा फोन येतो, 'परवा हजर व्हा'. व्हॉट्सअॅपवर एक नोटीस टाकलीय. गुन्हा अजामीनपात्र आहे म्हणजे अटक नक्की ना? कोल्हापूरला आता हायकोर्ट आलंय, तिथे जावं का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : काका, अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. जामीन हक्काने पोलीस ठाण्यात मिळत नाही, कोर्टाच्या विवेकावर असतो, एवढाच त्याचा अर्थ. या गुन्ह्याला, न्याय संहितेच्या कलम ८५ ला, जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करायची नाही, अटक का हवी ते लिहून काढायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार यांच्या निकालात बजावलं, आणि तो निकाल याच छळाच्या कलमाचा होता. पोलिसांनी सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची लेखी नोटीस द्यायची. व्हॉट्सअॅपवर टाकलेली नोटीस बजावली असं धरत नाहीत, हे न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून मोबाइल बंद करून बसू नका मात्र. 'रीतसर नोटीस द्यावी, आम्ही हजर राहू' असं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपा, आणि नोटीस आली की त्या तारखेला जा. जो नोटीस पाळतो त्याला कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही.

तरी धास्ती असेल तर अटकपूर्व जामीन, त्याच संहितेचं कलम ४८२. तो मुंबईच्या सत्र न्यायालयात. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासह सहा जिल्ह्यांची कामं बघतं, पण तुमचा गुन्हा मुंबईत नोंदलेला आहे. एसटीचं तिकीट उलट दिशेचं काढू नका.

चौकशीत वकिलाला भेटायचा हक्क आहे, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसेल असं नाही. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, तेव्हा कोऱ्या कागदावर तर नकोच.

पत्रात 'सगळं खोटं' हे तुम्ही तीनदा लिहिलंय. मी सुनेची बाजू ऐकलेली नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. तिचे दागिने मात्र तुमच्या कपाटात आहेत, असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहून बसलात. ते स्त्रीधन आहे, तिचं आहे. यादी करा, वकिलामार्फत परत द्या, पोच घ्या. ते अडवून धरलंत तर विश्वासघाताचं वेगळं कलम लागेल, आणि त्यात तुमची बाजू मांडायला मलाही जड जाईल.

प्रश्न : घर आणि बाग मुलाला बक्षीसपत्राने दिली. आता तो औषधालाही पैसे पाठवत नाही. बक्षीसपत्र रद्द होतं का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : होऊ शकतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. मुलाने सांभाळ करावा या अटीवर मिळकत दिली आणि त्याने सांभाळ केला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. सगळी मदार त्या अटीवर आहे. बक्षीसपत्र काढून वाचा. 'आमचा सांभाळ करील' अशी ओळ आहे का, की नुसतंच 'प्रेमापोटी'? सोबत त्याच दिवशी लिहून घेतलेला दुसरा कागद असेल तर तोही शोधा. काहीच नसेल तर रद्द करणं कठीण, पण निर्वाहाचा खर्च त्याच प्रांतांकडे मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. तिथे वकील लागत नाही, अर्ज साध्या कागदावर चालतो. औषधांच्या पावत्या तारखेवार लावा, आणि बागेचा सातबारा आजच्या तारखेचा काढा. मुलाने बाग गहाण टाकलीय का, ते इतर हक्काच्या रकान्यात दिसेल.