गावात घर विकत घेतोय; शेजारी त्रासदायक आहेत का हे सौद्याआधी कसं ओळखायचं?

घर कोणत्या महिन्यात पाहिलं ते तुम्ही लिहिलं नाही. घर पसंत आहे, इसार द्यायचा बाकी आहे आणि 'आजूबाजूला विचारलं, सगळे शेजारी चांगलेच आहेत म्हणतात', एवढंच लिहिलंय. म्हणणारच ना. परक्याजवळ कोण शेजाऱ्याची उणीदुणी काढेल? उद्या त्याच्याच पोरीच्या लग्नात पंगतीला बसायचं असते.

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. पोट्ट्याचं वय चोरून हाफ तिकीट मागणारी बाई कोणती, खिशात चिल्लर असून नाही म्हणणारा कोण, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. त्याचा गर्वही होता. रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं तेव्हा, 2016 च्या एप्रिलमध्ये, दारव्हा तालुक्यात सासरवाडीच्या गावात घर घेतलं. सौदा साळ्यानं जुळवला. 5 लाख 40 हजार. 30 बाय 45 ची जागा, वर टिनं, मागं अंगण आणि अंगणात कडुनिंब.

घर पाहायला गेलो ते भर दुपारी बारा वाजता. विकणाऱ्यानं लिंबू शरबत दिलं. शेजाऱ्याचं विचारलं तर म्हणे, "देवमाणूस. आवाज ऐकू येणार नाही." शेजारी ओट्यावर बाज विणत बसला होता. राम राम झाला. मी दोन मिनिटांत त्याला पास केलं: सरळ माणूस. (पुढं वाचा, त्याच्याबद्दल मी चुकलो नव्हतो.)

मागच्या अंगणात दोन घरांमधली मातीची भिंत आहे. तिच्या बुडाशी विटेएवढा एक तुकडा नवा सारवलेला होता. बाकीची भिंत उन्हानं पांढरी पडलेली, पोपडे सुटलेली. तेवढाच तुकडा काळसर आणि गुळगुळीत, शेणामातीवर बोटांच्या खुणा जशाच्या तशा. मी बायकोला म्हटलं, पाहा, माणूस घर विकायला निघाला तरी सारवून ठेवतो! तिनं वाकून त्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. तिनं पदराला हात पुसला आणि म्हणाली, "दुपारी पाहून घर समजते का? एक रात्र झोपून पाहा लागते." साळा हसला. "ताई, घर घेऊन राहिली का पोरगी पाहून राहिली?" मीही हसलो. ते हसणं मला आजपर्यंत महागात पडून राहिलं आहे.

मृग संपता संपता एका रात्री धो धो पाऊस आला. सकाळी पाहतो तर अंगणात घोट्याएवढं पाणी आणि तो सारवलेला तुकडा गायब. तिथं आरपार भोक. त्यातून शेजाऱ्याच्या न्हाणीचं साबणाचं पाणी आणि त्याच्या सगळ्या टिनांचं पाणी आमच्या अंगणात, आणि आमच्या भिंतीला घासत समोरच्या नालीत. मी सिमेंट कालवलं आणि भोक बुजवलं. तीन दिवसांनी शेजारी आला. त्याच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं. ओरडला नाही. म्हणाला, "भाऊ, हे नाली आजची नोय. माह्या बापाच्या वक्तापासून पानी इकूनच जाते." मी म्हटलं, "मी घर विकत घेतलं, तुमचं पाणी नाही घेतलं." वाक्य चांगलं जमलं असं तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सब्बल घालून भोक पाडलं. मी पुन्हा बुजवलं. मग त्याची ढोरं माझ्या दारासमोर, त्याच्या पऱ्हाट्यांचा ढीग माझ्या भिंतीला टेकून, त्या ढिगात एकदा साप. सगळं झालं.

आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीत असेल. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तडकते. पुढच्या मार्चमध्ये माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला, त्यात बोट जायचं. म्हणून म्हणतो, शेजाऱ्याचा स्वभाव नंतर पाहा, त्याचं पाणी कुठून जाते ते आधी पाहा.

प्रकरण तंटामुक्त गाव समितीपुढं गेलं. (आर. आर. आबांनी 2007 साली सुरू केलेली मोहीम. काही गावांत तिचा नुसता बोर्ड उरला आहे, आमच्या गावात समिती अजून बसते.) एक म्हातारे पाटील उठले आणि सांगायला लागले: ही दोन्ही घरं आधी एकाच वाड्यातली. भावाभावांच्या वाटणीत पाणी या बाजूनं जाईल असं पंचांसमोर ठरलं होतं. पुढं एका भावानं आपला हिस्सा विकला, तो माझ्या विकणाऱ्याच्या बापानं घेतला, आणि पाणी तसंच चालू राहिलं. घराला गिऱ्हाईक लागल्यावर पोरानं मार्चमध्ये भोक बुजवलं आणि सारवलं. पाणी थांबलं म्हणून शेजाऱ्यानं तेव्हाच तक्रार केली होती. त्याला सांगितलं होतं, घर विकलं जाऊ दे, नवीन माणूस उघडून देईल.

गावात हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या साळ्यालासुद्धा. विचारलं तर म्हणे, "भाऊजी, मले वाटलं तुम्हाले माहीत असंन. आन् पान्याचं काय एवढं?" तो आजही चारचौघांत म्हणतो की भांडण माझ्या स्वभावामुळं झालं, गावात शेजारी सगळे सारखेच असतात. सारखे नसतात. आणि शेजारी वाईट नव्हताच, विकणारा वाईट होता. एकतीस वर्षं चेहरे वाचले आणि नेमका ज्याचा वाचायचा त्याच्या हातचं शरबत पीत बसलो.

तुमचा दुसरा प्रश्न, नंतर कळलं तर सौदा मोडता येतो का. मी दारव्ह्याच्या वकिलाला विचारलं होतं. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्यात कलम 55 आहे: घेणाऱ्यानं साधी काळजी घेऊनही दिसला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्यानं सांगायलाच पाहिजे. वकिलानं एवढं सांगून मला विचारलं, "तो सारवलेला तुकडा तुम्ही पाहिला होता ना?" पुढं मी काही बोललो नाही. त्याच वर्षीचा वहिवाटीचाही कायदा आहे. 20 वर्षं उघडपणे, हक्कानं, न थांबता पाणी एका वाटेनं गेलं असेल तर शेजारी तो हक्क कोर्टात मागू शकतो. म्हणजे भोक बुजवणारा मीच आरोपी. कोर्टात गेलो नाही. तुमचं प्रकरण वेगळं असेल, तुमच्या वकिलाला कागद दाखवा.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहून खूश होऊ नका, तो घरटॅक्सचा कागद आहे, मालकीचा नाही. जुनं खरेदीखत मागा आणि चतुःसीमा वाचा. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) झाली असेल तर तीही पाहा, पण ड्रोनला वरून छत दिसते, भिंतीतलं भोक दिसत नाही. ते पाहायला पावसात जा. उन्हाळाच असेल तर मागच्या अंगणात आठ-दहा बकेटी ओता आणि पाणी कुठं जाते ते पाहत उभे राहा, लोक हसले तरी. पानठेल्यावर विचारू नका, तिथं सगळेच देवमाणूस असतात. घरच्या बाईला पिठाच्या चक्कीवर पाठवा. आणि शेजाऱ्याकडं स्वतः जा, पण तो कसा आहे हे पाहायला नाही. त्याला विचारा, "या घराबद्दल तुमची काही तक्रार आहे का?" मी ते एक वाक्य विचारलं असतं तर त्यानं ओट्यावर बसल्या बसल्या सगळं सांगितलं असतं. त्यालाही कोणी विचारावं असंच वाटत होतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

सगळा दोष दुसऱ्यांचा असं मात्र वाचू नका. दुसऱ्यांदा भोक मी रात्री दोन वाजता बुजवलं होतं आणि त्याच्या घरी तेव्हा बाळंतीण होती. साळ्यानंही दलाली एक रुपया घेतली नाही. बहीण गावात राहायला यावी एवढंच त्याच्या मनात होतं. तरी त्यानं सांगायला पाहिजे होतं.

शेवटी समितीनं भिंतीच्या बुडातून चार इंची पाईप टाकायला लावला, थेट नालीपर्यंत. खर्च अर्धा-अर्धा. शेजाऱ्यानं त्याचे पैसे त्याच दिवशी आणून दिले. माझ्या हिश्शातले हजार रुपये साळा देणार होता. ते अजून यायचे आहेत.