अतिहलक्या टार्पच्या कापडाचे तोटे कोणते, आणि ते टिकते किती?

पाठपिशवीचे ओझे कमी करण्यासाठी साध्या ताडपत्रीऐवजी अतिहलक्या कापडाचा टार्प, म्हणजे मुक्कामात डोक्यावर ताणून बांधायचे छत, घेतला, तर त्यात काय गमवावे लागते आणि मोजलेल्या पैशांच्या मानाने तो किती टिकतो, असे आपण विचारले आहे. मी इंदूरला राहतो आणि चोरल, जानापाव, पातालपाणी या पट्ट्यात गेली दहा-बारा वर्षे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मुक्कामाला जातो. या काळात दोन टार्प मी स्वतःच्या चुकांनी वाया घालवले आहेत, त्यामुळे उत्तरातला बराचसा भाग त्या चुकांचाच आहे.

आधी वजनाचा हिशेब पाहावा, कारण सगळा मोह तिथूनच सुरू होतो. बाजारात मिळणारी १२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाची, प्लॅस्टिक ताडपत्री तीन बाय तीन मीटरची घेतली, तर ती किलोभराच्या थोडी वर जाते. त्याच मापाचा सिलनायलॉनचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सिलिकोन मुरवलेल्या नायलॉनचा टार्प साधारण ४०० ग्रॅम भरतो, आणि डायनीमा या बळकट पॉलिथिलिन धाग्याच्या पातळ कापडाचा दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम. पहिले सातशे ग्रॅम तुलनेने स्वस्तात उतरतात. पुढच्या दोनशे ग्रॅमसाठी मात्र कित्येक पट किंमत मोजावी लागते. माझ्यासारख्या शनिवार-रविवारच्या भटक्याला तो दुसरा सौदा कधीच पटला नाही.

सिलनायलॉनचा सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे त्याचे ओलेपणी सैल पडणे. नायलॉनचा धागा पाणी शोषतो आणि लांबतो. तीन मीटरच्या कडेत दोन-तीन टक्के वाढ झाली तरी सहा ते नऊ सेंटिमीटर झोळ पडतो. चोरलजवळच्या एका मुक्कामात संध्याकाळी मी टार्प इतका ताणून बांधला होता की बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजत होता. रात्री दोनच्या सुमारास कपाळाला काहीतरी गार लागले म्हणून विजेरी लावली, तर मधोमध पाण्याचे पोट सुटून कापड तोंडापासून वीतभर अंतरावर आले होते. दोर पुन्हा ताणायला पावसात बाहेर जावे लागले. त्यात आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत भिजल्यावर खुंट्या लोण्यातल्यासारख्या वर येतात, त्यामुळे दोन खुंट्यांवर दगड ठेवावे लागले. पॉलिएस्टरचा धागा जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून सिलपॉलीत, म्हणजे सिलिकोन मुरवलेल्या पॉलिएस्टरमध्ये, हा त्रास फारच कमी होतो, आणि उन्हातही ते नायलॉनपेक्षा जास्त टिकते. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा ते फाटायला मात्र थोडे लवकर फाटते.

जाडी डेनियरमध्ये सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर, इतकीच त्याची व्याख्या आहे. दहा डेनियरचे कापड हातात धरले की पलीकडची बोटे दिसतात. मात्र डेनियर पाहून कापड किती टिकेल हे कळत नाही, कारण लेप कोणता आहे याला तितकेच महत्त्व असते. सिलिकोनच्या लेपात धागे जागच्या जागी थोडे सरकू शकतात, त्यामुळे ताण अनेक धाग्यांत वाटला जातो आणि कापड सहजासहजी फाटत नाही. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप धाग्यांना जखडून ठेवतो. मग ताण एकेका धाग्यावर येतो आणि एकदा पडलेली चीर झरझर पुढे जाते.

पीयूचा दुसरा दोष याहून वाईट आहे आणि तो टार्प घरात असताना घडतो. ओलावा आणि उष्णता यांनी हा लेप रासायनिकदृष्ट्या तुटत जातो. माझा पहिला टार्प मी एका सप्टेंबरात अर्धवट वाळवून, घट्ट घडी घालून माळ्यावर टाकला आणि पुढच्या जूनमध्ये काढला. मधे इंदूरचा मे महिना येऊन गेला होता आणि माळ्याच्या वर थेट गच्ची होती. घडी उलगडताना चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज आला, आंबूस वास सुटला, आणि आतल्या बाजूचा लेप पांढऱ्या पापुद्र्यांनी हाताला लागू लागला. त्या टार्पवर जेमतेम आठ रात्री निघाल्या होत्या. पॉलिइथर प्रकारचा पीयू या बाबतीत जास्त टिकाऊ असतो, पण दुकानदाराला विचारून हे क्वचितच कळते.

ऊन हा तिसरा शत्रू आहे. कापड जितके पातळ, तितका धाग्याचा मोठा हिस्सा अतिनील किरणांच्या तोंडी येतो. दुपारी सावलीसाठी टार्प ताणून ठेवण्याची आपल्याकडे फार सवय आहे, आणि मला वाटते पावसापेक्षा जास्त टार्प त्या सवयीनेच संपतात. सावलीसाठी जुनी चादर वापरावी. शेकोटीची ठिणगी तर कोणत्याच अतिहलक्या कापडाला सोसत नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोनशे अंशांच्या वर वितळतात, डायनीमाचा धागा मात्र दीडशेच्या आसपासच.

डायनीमाबद्दल आपण वेगळे विचारले आहे, म्हणून थोडे सांगतो. हे विणलेले कापड नाही. अतिशय बळकट पॉलिथिलिनचे धागे पॉलिएस्टरच्या दोन तलम पापुद्र्यांमध्ये दाबून ते बनवतात, आणि त्याची सुरुवात शर्यतीच्या शिडांसाठी झाली. ते पाणी पीत नाही, झोळ पाडत नाही, फाटले तर योग्य चिकटपट्टीने दहा मिनिटांत सांधता येते. सिलनायलॉनवर साधी पट्टी चिकटतच नाही, तिथे सिलिकोनचाच गोंद लागतो. पण डायनीमाला घासणे आणि चुरगाळणे सोसत नाही. वारंवार एकाच रेषेवर घडी पडली की पापुद्रा झिजून सूक्ष्म छिद्रे होतात, बाभळीचा काटा सहज आरपार जातो, आणि शिवणीची छिद्रे ताणाने मोठी होतात, म्हणून त्याचे सांधे शक्यतो चिकटवलेले असावे लागतात. माझ्या मित्राचा असा टार्प चार वर्षांनी मधल्या भागात धड होता आणि कोपऱ्यांत संपला होता.

कोपरे हेच खरे परीक्षेचे ठिकाण आहे. विकत घेताना मधले कापड चोळून पाहण्यापेक्षा, दोर बांधण्याच्या जागी जाड कापडाचे अस्तर किती मोठे दिले आहे ते पाहावे, आणि मधली शिवण दुमडून दुहेरी टाक्याची आहे का हेही तपासावे. सिलिकोनच्या टार्पची शिवण पुष्कळदा घरीच बुजवावी लागते. सिलिकोन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर घरचे बोलतात.

वर्षाला पंधरा-वीस रात्री आणि बहुतेक पावसाळी मुक्काम असे आपले गणित असेल, तर वीस किंवा तीस डेनियरचे सिलपॉली घ्यावे, असे माझे मत आहे. माझे सध्याचे २०१९ पासून चालू आहे; ते घरी आल्यावर पंख्याखाली पूर्ण वाळवून, सैल कोंबलेल्या सुती पिशवीत खालच्या कपाटात राहते. दरवर्षी मृगाआधी मी न्हाणीघरात त्याची एक परीक्षा घेतो: कापडाची वाटीसारखी खोळ करून त्यात तांब्याभर पाणी ओतायचे, खाली कोरडे वर्तमानपत्र धरायचे आणि बाहेरून अंगठा दाबून घासायचा. कागदावर ओल उमटली की त्या भागावर पुन्हा पातळ सिलिकोनचा हात द्यायची वेळ आली असे समजतो.