लाकूड की सरस?

प्रश्न : इतवारीत आमचे सागवानी फर्निचरचे दुकान आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बनवलेले एक लाकडी लढाऊ विमान लाकूड कुचकामी ठरल्यामुळे रद्द झाले, असे मी वाचले. लाकूड खरोखरच इतके कमजोर असते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ते विमान फॉके-वुल्फ कंपनीचे ‘टीए १५४’. रात्री येणारी ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने अडवण्यासाठी कंपनीचे विमान-रचनाकार कुर्ट टांक यांनी दोन इंजिनांचे हे अवजड लढाऊ विमान आखले आणि १ जुलै १९४३ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. लाकडाला दोष देणे मात्र मला अन्यायाचे वाटते, कारण बर्च प्लायवुडच्या थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून बनवलेले ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ त्याआधीपासून यशस्वीपणे उडत होते.

खरी अडचण सरसाची होती. सुरुवातीला ‘टेगो फिल्म’ वापरली जाई. हा फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेला पातळ कागद असतो. तो लाकडाच्या थरांमध्ये ठेवून गरम दाबयंत्रात दाबला की रेझिन वितळून थरांत मुरते आणि कायमचे घट्ट होते. ही फिल्म वुपरटाल येथील कारखान्यात तयार होत असे आणि १९४३ मधील ब्रिटिश बॉम्बहल्ल्यांत तो कारखाना निकामी झाला. पर्याय म्हणून जो थंड (उष्णतेशिवाय घट्ट होणारा) सरस आला, त्यातील आम्ल लाकूडच पोखरू लागले आणि जून १९४४ मध्ये कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली विमाने हवेत मोडली.

आपल्या कारागिराला याचे मर्म लगेच कळेल. उत्तम जोडलेला सांधा हातोडीने फोडला, तर सांधा सुटत नाही, शेजारचे लाकूड फाटते आणि त्याचे तंतू दुसऱ्या तुकड्याला चिकटून राहतात. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत, स्वच्छ सुटले, तर सरसाने लाकूड धरलेलेच नव्हते. तिसराही प्रकार आहे : तंतू चिकटलेले दिसतात, पण ते बोटाने चुरगळतात, म्हणजे लाकडालाच आतून इजा झालेली असते. आम्लाने होणारे नुकसान या जातीचे.

मॉस्किटोही या त्रासातून सुटले नव्हते. १९४४ च्या अखेरीस भारतात तैनात असलेल्या मॉस्किटोंच्या पंखांचे जोड सुटल्याने ती काही काळ जमिनीवर रोखण्यात आली. मात्र तोवर हे विमान भरवशाचे ठरले होते, त्यामुळे दोष शोधून दुरुस्त करण्याइतकी सवड ब्रिटिशांना मिळाली.

टांक यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता. या विमानासाठी हवे असलेले युमो २१३ इंजिन वेळेवर मिळत नव्हते आणि १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीने सारा भर एका इंजिनाच्या लढाऊ विमानांवर दिला. त्यामुळे ऑगस्ट १९४४ मध्ये, सुमारे पन्नास विमाने तयार झालेली असताना, हा प्रकल्प रद्द करण्यात आला.