'इलेव्हन्थ अवर' म्हणजे नक्की किती वाजता?

प्रश्न असा आहे : 'ॲट द इलेव्हन्थ अवर' म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी, हे कळतं, पण अकरावाच तास का, बारावा का नाही? आणि हे अकरा सकाळचे की रात्रीचे? सोबत काळवेळाच्या इतर इंग्रजी वाक्प्रचारांबद्दलही विचारलं आहे.

हे अकरा सकाळचेही नाहीत आणि रात्रीचेही. ते संध्याकाळचे साधारण पाच! मूळ सापडतं बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात. द्राक्षमळ्याचा मालक भल्या सकाळी मजूर लावतो. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला आणखी लावतो. अकराव्या तासाला बाहेर पडतो तर काही जण अजून रिकामेच उभे. त्यांनाही तो कामावर घेतो आणि दिवस मावळल्यावर सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दिनार ठेवतो.

तेव्हा दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत. उजेड कितीही असो, त्याचे भाग बाराच. त्यामुळे रोममध्ये भर उन्हाळ्यातला एक तास आपल्या जवळपास ७५ मिनिटांचा, तर हिवाळ्यातला ४५ मिनिटांचा होई. बारावा तास संपला की अंधार, काम बंद. अकराव्या तासाला आलेल्यांच्या वाट्याला जेमतेम तासभराचं काम उरलं होतं, पण उरलं होतं! या वाक्प्रचाराची खरी छटा हीच : उशीर झालाय, वेळ टळलेली नाही. मुदत उलटून गेल्यावर कुणी धावपळ केली तर तिथे 'इलेव्हन्थ अवर' चालणार नाही. ते वरातीमागून घोडं झालं.

पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता थांबलं, त्यावरून हा वाक्प्रचार आला असं काही जण सांगतात. तसं नाही; तो त्याआधीपासून रूढ होता.

मराठीत हल्ली 'अकराव्या तासाला' असं सर्रास लिहिलं जातं. मला ते खटकतं, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं घड्याळच येतं. 'ऐन वेळी', 'आयत्या वेळी', 'शेवटच्या घटकेला' असे शब्द हाताशी असताना त्याची गरज काय?

याच जुन्या मोजणीतून 'नून' हा शब्द आला आहे. लॅटिनमध्ये 'नोना' म्हणजे नववी, नवव्या तासाची वेळ. म्हणजे 'नून' मुळात दुपारी तीनच्या सुमाराचा! पुढे मध्ययुगात तो सरकत सरकत बारावर आला.

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे आपलं सठीसहामाशी. एकाच महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे 'ब्लू मून', ही व्याख्या मात्र बरीच अलीकडची. अमेरिकेतल्या एका पंचांगात, ज्या ऋतूत चार पौर्णिमा येतील त्यातल्या तिसरीला हे नाव होतं. १९४६ साली 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकातल्या एका लेखात त्याचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि तोच पसरला. हिशेब मोठा सुंदर आहे. पौर्णिमा ते पौर्णिमा सुमारे साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे १९ वर्षांत सात वेळा वर्षाच्या बारा पौर्णिमांवर एक जास्तीची येते. 'दुष्काळात तेरावा महिना' यातला तेरावा याच गणितातला. एकाच आकाशातून इंग्रजीने दुर्मीळपणा उचलला आणि मराठीने संकटात पडलेली भर.

'टाइम इममेमोरियल'चं आपण 'अनादी काळापासून' करतो, पण इंग्लंडच्या कायद्यात या अनादी काळाला चक्क साल आहे : ११८९, राजा पहिला रिचर्ड गादीवर आला ते. १२७५ च्या कायद्याने ही सीमा आखली. त्याआधीचं सगळं कायद्याच्या स्मरणापलीकडचं.

भाषांतरात सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती 'द अदर डे'वर. तो 'दुसऱ्या दिवशी' नव्हे; 'परवा', 'मागे एकदा', 'अलीकडेच'. म्हणजे परवा परवा भेटलो होतो, यातला मोघम परवा. आणि 'एव्हरी अदर डे'साठी 'प्रत्येक दुसऱ्या दिवशी' लिहू नये. 'दिवसाआड' म्हणावं, एका शब्दात काम होतं.