वाकतो किती, ते नंतर. सरळ किती होतो?

प्रश्न : माझं वय ६४. डाव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन सहा आठवडे झाले. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा म्हणे ११० झाला. व्यायामानंतर सूज येते म्हणून दोन-दोन दिवस बंद ठेवते. रात्री गुडघ्याखाली उशी लागतेच. तलावपाळीला फेरी कधी मारता येईल?

उत्तर : ताई, मुद्द्याची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत. उशी! ती आज रात्रीपासून बंद. गुडघा जरा वाकलेला असला की बरं वाटतं, पण तो तसाच आखडतो आणि मग चालताना लंगडणं जात नाही. मी फिजिओथेरपिस्ट, उशीवरून पेशंटना ओरडण्यात उभी हयात गेली. स्वतःचा गुडघा बदलला तेव्हा तिसऱ्याच रात्री गुपचूप उशी ओढून घेतली. सकाळी पाय सरळ करताना आई आठवली.

तेव्हा टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी. मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

वाकवण्यासाठी खुर्चीत बसा, टाचेखाली दुधाची धुतलेली रिकामी पिशवी घ्या. लादीवर पाय सुळकन मागे सरकतो. जिथे अडेल तिथे थोडं थांबा, मग अजून एक बोटभर. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पडेल असं बघा. दुखून झाल्यावर घेऊन काय उपयोग?

सूज काही महिने राहतेच. वाढली तर व्यायाम निम्मा करा, बंद नको. दोन दिवस सुट्टी आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट, हे तर सुजेला आवतणच. नंतर पाय उंच करून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. मात्र पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी आलं, तर त्याच दिवशी सर्जनना गाठा. धाप लागली तर थेट हॉस्पिटल.

शेजारच्या बाईंचं सोडा. पण ९५ जरा कमीच आहे, या आठवड्यात सर्जनना दाखवा.

जिना चढताना आधी उजवा पाय, उतरताना आधी डावा. काठी उजव्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. तलावपाळीला सर्जननी हो म्हटलं की सकाळी, गर्दीच्या आधी जा. आधी पहिल्या बाकापर्यंतच. तिथून परत येऊन तीन मजले चढायचे आहेत, हे धरून चाला.

पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा. अंश नकोत. पलंगावर पाय पसरून बसल्यावर गुडघ्याखालून किती बोटं जातात, तेवढं कळवा.