‘अँटिफॉग’ला ‘धुकेरोधक’ म्हणावं का?

प्रश्न असा: गॉगलच्या काचेवरच्या ‘अँटिफॉग कोटिंग’ला ‘धुकेरोधक लेप’ आणि ते ज्यापासून करतात त्या ‘हायड्रोफिलिक’ पॉलिमरला (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाला) ‘जलशोषक’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द चुकीची समजूत करून देतात.

धुकं हवेत असतं, काचेवर धरतं ते दहिवर. काच दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते त्यापेक्षा, गार झाली की तिच्यावर पाणी जमणारच, लेप ते अडवत नाही. उघड्या काचेवर हे पाणी बारीक थेंबांनी बसतं, प्रत्येक थेंब उजेड वेडावाकडा फाकवतो आणि काच पांढुरकी दिसते. लेपावर तेच पाणी सपाट पसरतं आणि आरपार दिसत राहतं. म्हणजे अडतो तो धूसरपणा. म्हणून पारिभाषिक शब्द हवाच असेल तर ‘धूसरतारोधी’, एरवी ‘काच धुरकटू न देणारा लेप’. ‘दवरोधी’ हा शब्द मागून तापवलेल्या आरशासाठी राखून ठेवावा, कारण तिथे दव खरोखरच धरत नाही.

आता ‘हायड्रोफिलिक’. इथे तीन गुण एकमेकांत मिसळतात. पाणी पृष्ठभागावर पसरणं, म्हणजे स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) लहान असणं, हा ‘जलस्नेही’पणा. पाणी आत मुरणं हा ‘जलशोषक’पणा. आणि पदार्थच पाण्यात विरघळणं म्हणजे ‘जलविद्राव्य’ असणं. लेप करणाऱ्याला पहिला गुण हवा असतो, दुसरा थोडा चालतो आणि तिसरा नको असतो. नुसता शोषणारा लेप टिपकागदासारखा भरतो, आणि भरल्यावर पाणी पसरलं नाही तर काच पुन्हा धुरकटते.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या अशाच एका पॉलिमरचं बघा. पूर्ण जलविच्छेदित (‘फुली हायड्रोलाइज्ड’, म्हणजे अ‍ॅसिटेट गट जवळजवळ सगळे काढलेल्या) जातीची पूड थेट गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. ती गार पाण्यात भुरभुरवून, ढवळत ९० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. १०० ग्रॅम द्रावणात ५ ग्रॅम पूड ही सुरुवातीला सोयीची मात्रा. या द्रावणाचा थर नुसता वाळवला तर पाणी छान पसरवतो, पण ओल्या फडक्यानं पुसला की चिकट होऊन सुटू लागतो. म्हणून रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात: आम्ल घालून ग्लुटराल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनानं, किंवा पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल मिसळून १५० अंशांच्या आसपास तापवून. काचेला एवढी उष्णता चालते. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक मात्र १४७ अंशांजवळ मऊ पडतं, तिथे कमी तापमानाचीच वाट धरावी लागते. बंध कमी पडले तर लेप फुगून सोलतो. जास्त झाले तर पाणी धरणारे हायड्रॉक्सिल गट त्यातच खर्ची पडतात आणि लेप टणक होतो, पण धूसरपणा परततो. सगळी कसरत या दोन टोकांमधली आहे.

शिवाय काचेशी पकड हवी. काच निखळ स्वच्छ करून सिलेनचा (काच आणि लेप यांना जोडणाऱ्या रसायनाचा) पातळ थर आधी दिला नाही, तर उत्तम बांधलेला लेपही कडेपासून पापुद्र्यासारखा उचलतो. साबणासारख्या पदार्थाचे फवारे हे सगळं टाळतात, म्हणून चार पुसण्यांत संपतात. त्यांना ‘लेप’ म्हणायला माझी हरकत आहे; ते ‘पुसणं’च.

‘जलस्नेही’त एक गंमतही दडली आहे. संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेलही, ‘स्निग्ध’ आणि ‘स्नेहक’ त्याचेच. आणि या लेपाचा मोठा वैरी तेलच! बोटाचा ठसा पडला की पुढच्या श्वासाला बाकी काच स्वच्छ राहते आणि तेवढ्याच रेघा पांढऱ्या उमटतात. तरीही हा शब्द रुळलेला आहे, ‘जलरागी’ ज्याला आवडतो त्यानं तो वापरावा.

‘टिकाऊ’ हे विशेषण मात्र चाचणीशिवाय लावू नये. डोळ्यांच्या संरक्षक चष्म्यांच्या ‘ईएन १६६’ या जुन्या युरोपीय मानकात ‘एन’ (न धुरकटणारा) ही खूण मिळायला नमुना ५० अंशांच्या पाण्यावर ८ सेकंद धुरकटता कामा नये, अशी अट होती. ही पहिल्या दिवसाची परीक्षा झाली. टिकाऊपणा बघायचा तर नमुना २४ तास पाण्यात बुडवून, वाळवून, ओल्या कापडानं घासून तीच वाफ पुन्हा द्यावी.

जाता जाता: ‘कोटिंग’ला ‘मुलामा’ नको. मुलामा धातूचा असतो. इथे ‘लेप’, आणि क्रियेला ‘लेपन’.